खाडीचे मचूळ पाणीही हवे

महोदय,

नर्मदा नदीवरच्या, भरूचजवळच्या भाडभूत बंधाऱ्याविषयीच्या आपल्या रविवारच्या लेखात, माशांना जाण्या-येण्यासाठी वाट ठेवली की प्रश्न मिटला असा जो निष्कर्ष काढला आहे, त्याच्याशी मी सहमत नाही. नदीत जन्मून समुद्रात वाढणाऱ्या माशांच्या पिल्लांना खारे पाणी पहिल्या दिवसापासून सोसत नाही, ही गोष्ट लेखात कुठेच आलेली नाही.

स्टर्जन माशाचेच पाहा. गोड्या पाण्यात त्याच्या अंगात पाणी सतत शिरत राहते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. समुद्रात मात्र अंगातले पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून त्याला समुद्राचे पाणी पिऊन त्यातले जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींवाटे बाहेर टाकावे लागते. ही यंत्रणा वय आणि आकार वाढेल तशी हळूहळू तयार होते. इवल्याशा पिल्लाला थेट समुद्राच्या पाण्यात सोडले, तर ते दगावते. अटलांटिक स्टर्जनची पिल्ले तर समुद्रात उतरण्यापूर्वी साधारण 1 ते 6 वर्षे नदीत आणि मुखाजवळच्या मचूळ पाण्यातच काढतात.

आपल्या नर्मदेत स्टर्जन नाही, पण पावसाळ्यात अंडी घालायला वर चढणारा हिलसा आहे, आणि त्याच्या पिल्लांनाही समुद्राकडे परतायचे असते. बंधाऱ्याच्या एका अंगाला गोडे आणि दुसऱ्या अंगाला खारे पाणी राहिले, तर मधली मचूळ पायरीच नाहीशी होईल. तेव्हा दरवाजे कधी आणि किती उघडायचे, हे पिल्लांच्या परतीचा काळ पाहून ठरवावे व ते वेळापत्रक जाहीर करावे.

— एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका, वडोदरा