स्प्रे रंगाच्या डब्यावरील अपुऱ्या सूचनेमुळे जुना फ्रीज खराब झाल्याबद्दल तक्रार

दि. २४ फेब्रुवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्या तक्रारीवर आपल्या कार्यालयाने ई-मेलने पाठवलेले उत्तर मिळाले. सोबत पाचशे रुपयांचे कूपनही आले. ते मी वापरलेले नाही आणि वापरणारही नाही. झालेले नुकसान कूपनाने भरून येण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्या घरी गोदरेजचा एका दाराचा जुना फ्रीज आहे. माझ्या आईने तो १९६८ साली भिशीच्या पैशांतून घेतला. देशात फ्रीज बनायला लागून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती आणि आमच्या आळीत दुसऱ्या कुणाकडे फ्रीज नव्हता. शेजारची माणसे बर्फ मागायला यायची. रंग फिकट पिस्ता, मुठीला खटका, दार लावले की ठक्क आवाज. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमधल्या आमच्या स्वयंपाकघरात त्या मुठीपर्यंत पाणी चढले होते. चिखल काढला, मेकॅनिकने रिले, थर्मोस्टॅट आणि वायरिंग बदलले, आणि फ्रीज पुन्हा चालू झाला. आजही चालतो. फक्त तळाकडून गंज वर सरकत होता, म्हणून यंदा थंडीत रंग द्यायचे ठरवले.

आपल्या कंपनीचे स्प्रेचे पाच डबे १,८७५ रुपयांना घेतले. डब्यावर पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘जुन्या रंगावर आणि धातूवर थेट मारा, प्राइमरची गरज नाही, दोन तासांत सुकतो.’ आमच्या ओळखीचे गॅरेजवाले रंगारी सांगत होते की उघड्या पत्र्यावर आधी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्राइमर) मारा. मी त्यांच्यापेक्षा आपल्या डब्यावर विश्वास ठेवला.

तयारीत मी कसूर केलेली नाही. चार दिवस ओटीवर घासकाम केले, दाराचे रबर, मूठ आणि नावाची पट्टी मास्किंग टेपने झाकली, थिनरच्या फडक्याने पुसून घेतले. ८ फेब्रुवारीला पहिला हात दिला, तो छान बसला. ९ तारखेला सकाळी दुसरा हात देण्याआधी ११ वाजून २० मिनिटांनी आपल्या हेल्पलाइनला फोन करून विचारले. उत्तर मिळाले, “हाताला चिकटत नसेल तर द्या.” चिकटत नव्हता. मी दिला.

दोन मिनिटांत दारावरचा रंग आकसायला लागला. तापल्या दुधावरची साय चमच्याने ओढावी तशा सुरकुत्या मुठीपासून खालपर्यंत पळत गेल्या. डबा हातात घेऊन मी बघत उभी राहिले. करता येण्यासारखे काहीच नव्हते. तळाच्या पत्र्यावरचा रंग तर आता नखाने निघतो.

आपल्या उत्तरात म्हटले आहे की दुसरा हात पहिल्या एका तासात किंवा ४८ तासांनंतरच द्यायला हवा होता. मधल्या काळात दिल्यास नव्या रंगातले सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारे द्रावक) खालच्या अर्धवट पिकलेल्या थरात शिरते, तो फुगतो आणि सुरकुततो. ही माहिती कंपनीच्या तांत्रिक पत्रकात आहे, असेही आपणच लिहिले आहे. माझी तक्रार नेमकी हीच आहे. आपल्याला हे माहीत होते आणि तरीही डब्यावर त्याचा एक शब्द नाही, ना मराठीत, ना हिंदीत, ना इंग्रजीत. हेल्पलाइनवरच्या मुलालाही ते कुणी शिकवलेले नाही. घरी रंग देणारा माणूस डबा वाचतो, तांत्रिक पत्रक त्याला कुठून मिळणार?

आणखी एक गोष्ट फार गंभीर आहे. डब्यासोबतच्या माहितीपत्रात ‘जुना रंग कोरडाच घासा’ असे लिहिले आहे. घरगुती रंगांतल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच्या रंगात किती शिसे असेल, हे कुणी सांगावे? कोरडे घासले की ती धूळ घरभर उडते. माझा तीन वर्षांचा नातू त्याच ओटीवर रांगत-खेळत असतो. रंगारीकाकांनी बजावले म्हणून मी पाणी लावून, मास्क बांधून घासले आणि निघालेला लगदा कागदात गुंडाळून बाहेर टाकला. आपल्या माहितीपत्राप्रमाणे वागले असते तर?

दारावरचा आणि बाजूंचा रंग पूर्ण काढून, प्राइमर लावून नव्याने रंगवायला गॅरेजवाल्यांनी ६,५०० रुपये सांगितले आहेत. ते आणि डब्यांचे १,८७५ असे एकूण ८,३७५ रुपये मला मिळावेत. शिवाय दुसऱ्या हाताच्या वेळेची सूचना डब्यावर मराठी व हिंदीत छापावी, प्राइमरबाबतचा दावा काढावा आणि कोरडे घासण्याचा सल्ला मागे घ्यावा. पैशांइतकाच माझा या मागण्यांवरही आग्रह आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना न दिल्याने झालेल्या नुकसानीची जबाबदारी उत्पादकावर येते, आणि मी राहते त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे मला दाद मागता येते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी रत्नागिरीला तक्रार दाखल करीन.

फ्रीज सध्या चादर टाकून ओटीवर उभा आहे. कोकणात मे संपता संपता हवा दमट होते, मग रंग नीट बसत नाही. रंगारीकाकांनी त्यासाठी एप्रिलचा पहिला आठवडा राखून ठेवला आहे, म्हणून आपला निर्णय त्याआधी कळवावा.

आपली,
(सही)
एक ग्राहक, चिपळूण, जि. रत्नागिरी

सोबत : बिलाची प्रत, डब्याच्या चारही बाजूंचे आणि फ्रीजच्या दाराचे फोटो, आपल्या ई-मेलची प्रत, न वापरलेले कूपन.