लेवीयचा एकोणिसावा अध्याय

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, साइटवरून यायलाच रात्र होते, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणं होत नाही. सकाळी मंडळीच्या ग्रुपवर वचन येतं, तेवढं वाचतो." ते वाचत जा, चांगलंच आहे. पण ते वचन दुसऱ्या कुणीतरी निवडलेलं असतं, आणि निवडणारा बहुतेक वेळा आशीर्वादाचं, धीराचंच निवडतो. क्रमाने वाचणाऱ्याला निवड नसते. आज जो अध्याय समोर आला तो वाचायचा, आवडो न आवडो. आणि माझा अनुभव असा की, आपण स्वतःहून कधीच उघडलं नसतं अशा पानावरच देव आपल्याला थांबवतो.

शास्त्रातलं तिसरं पुस्तक, लेवीय, त्याचंच बघ. जानेवारीत पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, उत्साहाने निघालेले कितीतरी जण होमार्पणं आणि कुष्ठरोगाचे नियम आले की थांबतात. तू थांबू नकोस, कारण पुढे एकोणिसावा अध्याय आहे. शेताच्या कडा पार झाडून कापू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. वजनमापं खरी ठेवा. पिकल्या केसांसमोर उठून उभे राहा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा प्रभूने शुभवर्तमानात पुन्हा सांगितली, ती याच अध्यायातली, अठरावं वचन. त्याच्या थोडं आधी, तेराव्या वचनात, मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नको असं सांगितलंय.

तू आता मजुरांची हजेरी लिहितोस. तुझ्या साइटवर बिहार-झारखंडकडची माणसं आहेत, त्यांची घरं आठवड्याच्या पगारावर चालतात. तुझी सही दोन दिवस उशिरा झाली तर तुला काही फरक पडत नाही, त्यांच्या घरी मात्र किराणा थांबतो. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. हजेरीपत्रक पुढ्यात असताना हे आठवावं, म्हणून रोज वाचायचं. त्या घाईत तू शास्त्र उघडणार नाहीस, ते आधीच आत उतरलेलं असावं लागतं. पप्पा घरकामाच्या मावशींचा पगार एक तारखेला सकाळीच हातात देतात, ते तू लहानपणापासून पाहिलंयस. त्याचं मूळ या वचनात आहे.

यावरून मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमधल्या फुलहॅमला, वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती मठातल्या भगिनी किती मायेने सांभाळतात हे त्यांनी पाहिलं आणि विचारलं, हे तुम्ही का करता? एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली, पाच नवरे होऊन गेलेल्या शोमरोनी स्त्रीशी प्रभू स्वतःहून बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. पुढे केडगावला आपल्या मुक्ती मिशन या संस्थेत रमाबाईंनी अशाच स्त्रियांसाठी कृपा सदन उभं केलं. एक अध्याय ऐकला आणि कितीजणींना त्यातून घर मिळालं! आयुष्याची शेवटची वर्षं, १९२२ साली प्रभूकडे जाईपर्यंत, त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून शास्त्र साध्या मराठीत आणत होत्या, कमी शिकलेल्या बाईलाही ते स्वतः वाचता यावं म्हणून.

आणखी एक सांगते. पप्पा अतिदक्षता विभागात होते तेव्हा लोक मला भेटून आनंदाची वचनं सांगत. त्यांचं प्रेम मला कळत होतं, पण माझ्या तोंडून ८८वं स्तोत्र निघत होतं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरीही ते शास्त्रात आहे, म्हणजे असं रडणंही देवाला चालतं. दरवर्षी स्तोत्रसंहितेतून जाताना ते वाचलं नसतं तर त्या रात्री माझ्याजवळ शब्दच नव्हते.

दिवसाला एकच अध्याय घे. सगळे मिळून ११८९ आहेत, सव्वातीन वर्षांत संपूर्ण शास्त्र होईल. मोबाइलवर नको, घरून दिलेली प्रत बॅगेत आहे ती काढ. शक्यतो मोठ्याने वाच, मन भरकटत नाही. एखाद्या दिवशी राहिलं तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस, जिथे होतास तिथूनच पुढे जा.

आम्ही सध्या नहेम्याच्या पुस्तकावर आहोत. तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेचा तट कुणी कुठे बांधला याची यादी आहे: सोनार, अत्तरवाले, एक जण तर मुलींना घेऊन आलाय, आणि तकोवाच्या सरदारांनी मात्र कामाला खांदाच लावला नाही. बावन्न दिवसांत तट पुरा झाला. पप्पा म्हणतात, हे इंजिनिअरलाच विचारलं पाहिजे. रविवारी उपासनेहून आलास की त्यांना फोन कर, पण आधी तो अध्याय वाचून ठेव.

तुझी,
आई