जुनी तिकिटं, पास, फोटो रद्दीत घालू नका, आम्हाला द्या (बेळगाव आणि आसपासची गावं)

नमस्कार मंडळी, आपल्या गल्लीतल्या वाचनालयात आम्ही काही जण बेळगावच्या गल्ल्या, खेडी आणि जुन्या वाहतुकीची माहिती जमवतोय, त्यासाठी तुमची मदत पाहिजे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथंच सायकलचं दुकान काढलं, किर्लोस्कर रोड त्यांच्याच नावाचा, पण तिथनं रोज जाणाऱ्या पोरांना विचारून बघा, कितींना माहीत आहे! वेंगुर्ला रोडचं पण तसंच. बंदरावरचा माल आंबोली घाट चढून याच वाटेनं यायचा, आता हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीला पोचलं की महाराष्ट्र, आणि सीमेवर जरा काही झालं की यष्टी तिथंच थांबते, पुढं मग डोक्यावर बोचकं घेऊन वडाप (शेअरची जीप) शोधा. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्या वेळचं यष्टीचं एखादं तिकीट कुणाकडं असेल तर आम्हाला सोनंच मिळाल्यागत आहे.

परवा एकानं आजोबांची पत्र्याची ट्रंक आणून दिली, आत टांग्याचा पितळी बिल्ला, नंबर झिजलेला, आणि त्याखाली घोड्याच्या चंदीचा (दाण्याचा) हिशेब लिहिलेली वही. असलंच पाहिजे आम्हाला. मीटरगेजच्या (जुन्या अरुंद रुळांच्या) वेळचे रेल्वे स्टेशनचे फोटो, देसूर स्टेशनचं तिकीट, टिळकवाडीच्या फर्स्ट गेटला (रेल्वे फाटकाला) थांबलेली गर्दी, कपिलेश्वर फाटकावर पूल व्हायच्या आधीचा फोटो, येळ्ळूर-उचगाव-कंग्राळीकडच्या बैलगाडीच्या वाटा, काहीही चालेल. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना बोलतं करून मोबाईलवर रेकॉर्डिंग पाठवा, हे काम आधी करा, कागद एकवेळ थांबतील.

वस्तू आम्ही ठेवून घेणार नाही, स्कॅन करून परत देणार. पण स्कॅनर मागून आणलेला आहे, किती दिवस मागायचा? चांगला स्कॅनर आणि हार्ड डिस्क घ्यायची आहे, शंभर रुपये दिले तरी पावती मिळेल आणि हिशेब बोर्डावर लावू. पैसे नको असतील तर दोन तास येऊन बसा, नावं-तारखा टाईप करायला माणूसच नाही.

रविवारी सकाळी वाचनालय उघडं असतं, तेव्हा या. कागद मराठी, कन्नड, उर्दू, मोडी कशातला पण असू दे, फक्त लॅमिनेशन करून आणू नका, स्कॅन करताना चमक येते.