फॉर्ममधला तुमचा रकाना

वाकड, पुणे
रविवार, सकाळ

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

गेल्या दोन महिन्यांत फोनवर तीनदा हा विषय काढला आणि तिन्ही वेळा बाबांनी ‘तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये’ म्हणून फोन आईच्या हाती दिला. त्यातली एक वेळ तर सकाळची दहाची होती. म्हणून लिहून कळवते. मी एक कोटीचा टर्म इन्शुरन्स घेतला आहे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मी गेले तरच मागच्यांना पैसे मिळतील असा विमा. तपासणी झाली, कंपनीने हप्ता वाढवून सांगितला, तो मान्य असल्याची सही मी दिली आणि पहिला हप्ता भरलासुद्धा. रागवायचे असेल तर पत्र पूर्ण वाचून रागवा.

तपासणीचा माणूस मागच्या महिन्यात सकाळी सातलाच घरी आला. मी रात्रीपासून उपाशी होते. त्याने पिशवीतून काटा काढून सतरंजीवर ठेवला आणि लगेच उचललाही. म्हणाला, “मॅडम, फरशीवर घेऊ. सतरंजीवर काटा खोटे बोलतो.” मी खिशातल्या किल्ल्या काढल्या, घड्याळ काढले, शेवटी चष्मासुद्धा काढून ठेवला. काट्यावर 81 आले. मग त्याने पोटाभोवती टेप धरला, रक्तदाब मोजला, ईसीजी काढला, रक्त आणि लघवीचे नमुने घेतले. माणूस तंबाखू घेत असल्याचे लपवतो की काय, तेही या नमुन्यांतून कळते म्हणे. मला कोणी तसे विचारलेसुद्धा नाही, याचा उगाच अभिमान वाटला.

माझी उंची 158 सेंटिमीटर. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय निघतो. माझा 32 च्या वर गेला. आपल्याकडचे डॉक्टर 23 पासूनच वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या लोकांची चरबी आधी पोटावर साठते आणि मधुमेह त्या मानाने कमी वजनावरच गाठतो. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 6.1 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 6.5 ला माणूस घरात शिरला. आई, मी अजून उंबऱ्यावर आहे आणि आत येण्याचा विचार नाही.

नुसत्या वजनाने एवढे बिघडले नसते, असे मला वाटते. कंपनी वजन, साखर, रक्तदाब आणि घरातले आजार एकत्र मांडते आणि हा माणूस हप्ते भरण्याची वर्षे पुरी करील का, याचा अंदाज बांधते. मूळ हप्ता वर्षाला 18,400 रुपये होता, त्यावर 25 टक्के चढले आणि तो 23,000 झाला. या चढलेल्या रकमेला एजंट लोक ‘लोडिंग’ म्हणतात. जादा पडले ते वर्षाला 4,600, म्हणजे दिवसाला साडेबारा रुपये. तेवढ्यात आता पुण्यात धड वडापावही येत नाही, आणि न आलेलाच बरा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेला आहे, तेव्हा बाबा, वर आणखी 18 टक्के धरून हिशेब करू नका.

आता खरी अडचण सांगते, जिच्यासाठी फोनपेक्षा पत्र बरे वाटले. फॉर्ममध्ये तुमचा एक रकाना होता. आईवडील हयात आहेत काय, वय किती, प्रकृती कशी, साठीच्या आत कोणाला हृदयविकार किंवा मधुमेह झाला होता काय. तिथे माझा हात बराच वेळ थांबला. मग मी लिहिले: वडील, 71, चोपन्नाव्या वर्षी अँजिओप्लास्टी, आई, 67, एक्कावन्नाव्या वर्षापासून मधुमेह. तुमच्या दुखण्याचा पुरावा मी आपल्या हाताने कंपनीला दिला, असे त्या क्षणी वाटले. पण आई, ‘माझ्यामुळे तुला जास्त पडले’ हे वाक्य तू मनात जुळवत असशील, तर तिथेच थांब. 81 किलोंतले तुझ्या साखरेने एकही चढवलेले नाही; ते रात्री अकराला लॅपटॉपसमोर बसून मी स्वतः कमावले आहेत.

नानाकाकांनी वजन 72 लिहायला आणि बाबांची अँजिओप्लास्टी गाळायला सांगितले होते. त्यांनी ते प्रेमापोटी सांगितले, हे मला ठाऊक आहे. विमा कायद्याचे कलम 45 त्यांनीच मला समजावले: पॉलिसीला तीन वर्षे झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर शंका घेता येत नाही, तेव्हा तीन वर्षे काढली की सुटलो. कलम तसे आहे खरे. पण त्या तीन वर्षांतच काही झाले तर? कंपनी जुने कागद उपसणार आणि बाबा, सत्तरी ओलांडलेले तुम्ही माझे खोटे वजन खरे करण्यासाठी त्यांच्या ऑफिसचे जिने चढत बसणार. साडेबारा रुपयांत तो जिना वाचत असेल तर मला तो सौदा स्वस्त वाटतो.

‘आधी वजन उतरव, मग विमा घे’ हे बाबांचे म्हणणे मी मनावर घेतले नाही असे नाही. परंतु वर्षभरात वजन किती कमी-जास्त झाले हेही फॉर्म विचारतो, त्यामुळे दोन महिने उपास करून तपासणीला उभे राहण्यात अर्थ नव्हता. शिवाय प्रत्येक वाढदिवसाला नव्या पॉलिसीचा दर चढतो. आता ठरलेला हप्ता मात्र मुदत संपेपर्यंत हाच राहील, उद्या माझे वजन वाढले तरी. खरोखर उतरले, तर नव्याने अर्ज करता येईल. नवी पॉलिसी हाती येईपर्यंत जुनी सोडायची नाही, एवढेच. पैसे परत मिळत नाहीत हे बाबांना खटकेल. मुदत संपली की पैसे हाती देणाऱ्या तुमच्या एंडोमेंट पॉलिसीसारखी ही बचत नाही. फ्लॅटचे कर्ज माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि ते तसेच राहणार हे आपण तिघांनीही कधीच मान्य केले आहे. मला ते कर्ज तुमच्या दारात आलेले नको आहे. सदाशिव पेठेतला जिना नकोसा होईल तेव्हा इथे लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडे लावले आहेत आणि आईच्या देवांसाठी पूर्वेची भिंत मोकळी ठेवली आहे.

बाबा, मिरजेला जाताना पुणे स्टेशनवर तुम्ही मला त्या दिव्यांच्या यंत्रावर उभे करायचे, ते आठवते का? रुपया टाकला की चक्र फिरायचे आणि पुठ्ठ्याचे तिकीट खाली पडायचे. त्यावर वजन आणि वजनासोबत भविष्य. 22 किलो झाले तेव्हा तुम्ही तिकीट अख्ख्या डब्यात दाखवले होते. त्या वेळी वजन वाढले की घरात आनंद व्हायचा. कंपनीचे पत्र उघडताना मला ते तिकीटच आठवले.

आता ऐका. नॉमिनी, म्हणजे माझ्यामागे विम्याचे पैसे ज्यांच्या हाती जायचे ते, तुम्ही दोघे आहात, प्रत्येकी 50 टक्के. आईवडील नॉमिनी असले की पैसे कायद्याने त्यांचेच होतात, कोणाला विचारावे लागत नाही. कागदांची निळी फाइल मी फडताळात, रेशनकार्डाच्या खाली ठेवणार आहे. ती ‘नीट’ ठेवण्यासाठी आईने हलवू नये. हप्ता बँकेतून आपोआप जाईल आणि चुकलाच तर 30 दिवसांची सवलत असते, तेव्हा दर महिन्याला विचारू नका. पॉलिसी पसंत नसेल तर हाती आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. बाबांनी हे वाक्य वाचले नाही असे समजावे. बाबांनी जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात ठेवावी, कपाटात नव्हे. आईने ‘आज बरे वाटते’ म्हणून साखरेची गोळी चुकवू नये. आणि माझ्या पिशवीत गुपचूप लाडवांचा डबा सारू नये. समोर बसवून एक दिलास तर खाईन.

मी सकाळी पर्वती चढायला सुरुवात केली आहे. पायऱ्या 103 आहेत. सध्या साठाव्या पायरीवर थांबून शहर पाहण्याचे नाटक करते. येत्या रविवारी उतरून तशीच तुमच्याकडे येईन, फाइल घेऊन. चहा बिनसाखरेचा ठेवा.

तुमची,
ठमी

ता. क. : स्टेशनवरची ती तिकिटे आईच्या शिवणाच्या डब्यात होती. अजून असतील तर टाकू नका.