शेरूला खुशाल जवळ घे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. फटाके सुरू झाल्यावर शेरू पलंगाखाली शिरून थरथरत होता, आणि तू मात्र दारातच उभा राहिलास, कारण सगळ्यांनी बजावलं होतं, ‘जवळ घेऊ नकोस, लाडावेल, उद्या आणखी घाबरेल.’ ते वाचून फार वाईट वाटलं. हा सल्ला आधी मनातून काढून टाक. ‘बस’ म्हटल्यावर बसलं की खाऊ मिळतो, म्हणून कुत्रा पुन्हा बसतो. पण कुणी कुशीत घेतं म्हणून भीती ठरवून वाटून घेता येत नाही, त्याला नाही आणि आपल्यालाही नाही. तो तुझ्याकडे आला तर खुशाल जवळ घे, पाठीवरून संथ हात फिरव, नेहमीच्या आवाजात बोल. लपायचं असेल तर लपू दे. ओढून बाहेर काढणं, रागावणं, किंवा ‘बघू दे, सवय होईल’ म्हणून मुद्दाम गच्चीवर नेणं, हे मात्र कधीही नको. सवय होत नाही. बहुतेक वेळा भीती दर वर्षी अधिकच घट्ट बसते.

त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 45,000च्या आसपासचेही. आपल्याला निदान ठाऊक असतं की हा फटाका आहे आणि थोड्या वेळाने थांबेल. त्याला आवाज कुठून आला, पुढचा कधी येणार, पळायचं कुठे, काहीच कळत नाही. धाप लागणं आणि थरथरणं सगळ्यांना दिसतं. पण सारख्या जांभया देणं, ओठ चाटणं, आवडता खाऊही तोंडात न घेणं ही भीतीचीच लक्षणं आहेत, आणि तिथूनच ओळखायला शिकलं पाहिजे.

फटाक्यांच्या दिवसांतली तयारी तुला बहुतेक माहीत आहे. उजेडातच फिरवून आण, दारं-खिडक्या लावून पडदे ओढ, आतल्या खोलीत त्याची जागा कर आणि आवाज सुरू होण्याआधीच पंखा किंवा संगीत चालू ठेव. गळ्यात पट्टा आणि त्यावर तुझा फोन नंबर हवाच, कारण घाबरलेला कुत्रा उघड्या दारातून क्षणात पळतो आणि मग त्याला घर सापडत नाही. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवली असेल तर तिची नोंद अद्ययावत आहे का तेही बघ.

खरं काम मात्र वेगळं आहे. धमाका झाला की लगेच त्याच्या सर्वांत आवडीचा खाऊ द्यायचा किंवा आवडता खेळ सुरू करायचा. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग खाऊ. उलटं केलंस तर खाऊ दिसताच तो आवाजाच्या धास्तीने आक्रसेल. स्टेफनी रीमर या संशोधिकेने हजाराहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून गोळा केलेली माहिती 2020 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ही पद्धत वापरणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिक लोकांनी तिचा उपयोग झाल्याचं सांगितलं. एरवीच्या शांत महिन्यांत फटाक्यांचं रेकॉर्डिंगही लावता येतं, पण इतकं हळू, की त्याचा कान फक्त टवकारावा. खाणं थांबवलं तर आवाज जास्त झाला असं समज आणि कमी कर. घाई केलीस तर सगळं मुसळ केरात. आणि नुसत्या रेकॉर्डिंगवर विसंबू नकोस. त्यात हादरा नसतो, लखलखाट नसतो, दारूचा वास नसतो.

औषधाचा तुला संकोच वाटतोय असं दिसतं. अरे, तो खाणंपिणं सोडून रात्रभर थरथरत असेल तर औषध देण्यात कमीपणा कसला? कुत्र्यांच्या या भीतीसाठी हिरडीवर लावायचं डेक्समेडेटोमिडीनचं जेल युरोपात 2015 साली आणि नंतर अमेरिकेतही मंजूर झालं. इतरही औषधं आहेत; शेरूला कोणतं चालेल ते डॉक्टर ठरवतील. आयत्या वेळी धावू नकोस, आधीच्या एखाद्या शांत दिवशी त्यांच्या सल्ल्याने ते देऊन बघ. एक मात्र आवर्जून विचार: एसेप्रोमॅझीन हे गुंगी आणणारं औषध एकटंच देणार नाही ना? त्याने अंग सुस्त पडतं, पण भीती आत तशीच राहते. कुत्रा गप्प झाला म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि त्याला हलताही येत नाही. याच्याइतकं वाईट मला काही वाटत नाही. माणसांच्या गोळ्या तर मनानेच कधीही देऊ नकोस.

तुझ्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी अडखळलो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत शेरू फटाक्यांकडे बघतही नव्हता, आणि हल्ली जिना चढताना थांबतो, असं तू सहज लिहिलंयस. या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो. आवाजाने दचकलं की स्नायू आखडतात. सांधा आधीच दुखत असेल तर तिथे कळ येते आणि आवाज म्हणजे दुखणं अशी गाठ मनात पडते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, दुखणं असलेल्या कुत्र्यांची आवाजाची भीती इतरांपेक्षा बऱ्याच उशिरा, वाढत्या वयात सुरू झालेली दिसली. तेव्हा सगळ्यात आधी त्याचे सांधे तपासून घे.

ताईंना मांजरीसाठी उंचावर एक खोकं ठेवायला सांग, आणि ती लपली तर लपू देत. त्यांच्या सशाकडे जास्त लक्ष हवं. भेदरलेला ससा खाणं सोडतो आणि त्याचं आतडं मंदावतं. तो काही तास खात नसेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे न्यायचं. दुसऱ्या दिवशी अंगणातला फटाक्यांचा कचराही झाडून टाक, त्यातली रसायनं पोटात गेली तर विषबाधा होते.

डॉक्टरांना जिन्याचं आपणहून सांग, ते विचारतील म्हणून थांबू नकोस. जमलं तर तो चढतानाचा व्हिडिओ काढून ने. तपासून झालं की त्याच दिवशी फोन कर, मी वाट बघतोय.

तुझा,
दिलीप