पवईच्या कॉन्फरन्समध्ये शेजारी बसलेल्या पीएचडीवालीला, थँक्यू गं!

अगं, नाव टाकू नका म्हणालीस म्हणून टाकत नाहीये, आणि अहोजाहो नको म्हणालीस म्हणून अगंतुगं करतेय. आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचेत, कारण थिअरीवाली, म्हणजे कॉम्प्युटरमागचं गणित करणारी, माणसं शिष्ट असतात असं आमच्या स्टाफरूमचं ठाम मत आहे आणि ते मोडायलाच हवं.

त्या दिवशी डोंबिवलीहून कांजूरला उतरून, रिक्षाने मेन गेट आणि पुढे टमटम असं करत मी पोचले तोवर पहिलं सेशन सुरू झालेलं. अल्गोरिदम्स, म्हणजे कॉम्प्युटरने प्रश्न सोडवायच्या रीती, शिकवते मी, पण सिलॅबसपुरतं, म्हणजे प्रिम, क्रुस्कल, डायक्स्ट्रा, नॅपसॅक अशा ठरलेल्या रीती नि प्रश्न, संपलं. इथे स्टेजवर जो तो वर्षाचं काम वीस मिनिटांत उरकतोय. तू हळूच म्हणालीस, "मॅडम, पहिली पाच मिनिटं नीट ऐका, प्रॉब्लेम काय आणि आधी कुठवर मजल गेलेली एवढं कळलं तरी बास, पुढचं प्रूफ इथल्या निम्म्या लोकांच्याही डोक्यावरून जातंय." त्यानंतर जीव भांड्यात पडला माझा.

पण खरं थँक्यू चहाच्या ब्रेकसाठी. मी सहज विचारलं की एका ठिकाणाहून बाकी सगळीकडचं कमीत कमी अंतर काढणाऱ्या डायक्स्ट्राच्या रीतीपेक्षा फास्ट काही आलंय म्हणतात ते खरं का, तर तू हातातला समोसा बाजूला ठेवून प्रोग्रामच्या कागदामागे मुंबईचा मॅपच काढायला घेतलास. दादर सोर्स, म्हणजे निघायचं ठिकाण, मग कुर्ला, घाटकोपर, ठाणे, वाशी. म्हणालीस, १९५९ सालचा डायक्स्ट्रा दर वेळी उरलेल्यांतला सगळ्यात जवळचा नोड (मॅपवरचं एक ठिकाण) काढतो, म्हणजे सगळे नोड अंतराच्या क्रमाने लावूनच देतो, आणि सॉर्टिंग, म्हणजे क्रम लावणं, आलं की एन लॉग एन इतक्या पायऱ्या आल्याच (एन म्हणजे नोड किती ते). हीप म्हणजे सगळ्यात लहान अंतर चटकन काढून देणारी रचना; तिचा फिबोनाची हीप हा प्रकार १९८४ मध्ये आला तेव्हापासून गाडी एम प्लस एन लॉग एनवरच अडकलेली (एम म्हणजे नोडना जोडणारे रस्ते किती ते). "पण मॅडम, आपल्याला अंतरं हवीयत, क्रम मागितलाय कुणी?" हे वाक्य मी आता वर्गात तुझं म्हणूनच सांगते.

मग नव्या रीतीतली ती पिव्हटची, म्हणजे मोजक्या मोक्याच्या नोडची, भानगड. आतापर्यंत जिथवर पोचलो त्या सीमेवरच्या सगळ्या स्टेशनांना हीपमध्ये रांगेत उभं करायचं नाही, आधी बेलमन-फोर्डच्या (फेरीगणिक रस्ते तपासून अंतरं सुधारत जाणारी जुनी रीत) थोड्याच फेऱ्या मारायच्या, तेवढ्यात ज्यांचं अंतर फायनल झालं ते सुटले, उरलेल्यांचे रस्ते ज्या मोजक्या स्टेशनांतून जातात तीच पुढे धरायची. कुर्ल्याला दोनदा गोल करून तू हार्बरची अख्खी ओळ त्याच्या खाली लटकवलीस तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बीजिंगच्या त्सिंगह्वाच्या डुआन यांच्या टीमचं हे काम, २०२५ मध्ये प्रागला झालेल्या स्टॉक (STOC) या थिअरीच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये बेस्ट पेपर, टाइम एम गुणिले लॉग एनचा दोन तृतीयांश घात. आणि लगेच बजावलंस पण, की फायदा विरळ ग्राफवरच, म्हणजे नोडच्या मानाने रस्ते कमी असतील अशा मॅपवर, गर्दीच्या ग्राफवर जुनाच बरा, आणि ओला-उबरचा मॅप काही यामुळे उद्यापासून पळायला लागणार नाही. हे बजावणं मला जास्त आवडलं, नाहीतर यूट्यूबवर सगळे डायक्स्ट्राला मूठमाती देऊन मोकळे झालेत!

एक राहिलंच. आपल्याकडे असं काही होतं का, असं मी जरा कुजकटपणेच विचारलेलं, तर तू चिडली नाहीस, सरळ २००२ चं आयआयटी कानपूर काढलंस. संख्या मूळ आहे की नाही हे पॉलिनोमियल टाइममध्ये (संख्येतले अंक वाढले तरी आवाक्यात राहील अशा वेळात), कुठलाही रँडम जुगाड न करता आणि न सिद्ध झालेल्या गृहीतकांवर न विसंबता ठरवता येतं हे अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दाखवलं, आणि त्यातल्या दोघांचं तेव्हा बीटेक नुकतंच झालेलं. हे मी थर्ड इयरला सांगितलं तर मागच्या बाकावरचे पण मोबाइल सोडून वर बघायला लागले.

आता त्या मागच्या बाकावरच्याच एकाने विचारलंय की मॅडम, तो दोन तृतीयांश अजून खाली येईल का, की तिथेच भिंत आहे? मी म्हटलं, माहितीतल्या एकीला विचारून सांगते. तर थीसिसमधून डोकं वर काढशील तेव्हा दोन ओळी लिही गं, पोरं रोज विचारतायत.