खोदाईतील पाणीउपशाचा परवाना फलकावर लावावा

महोदय,

पुण्यात पुनर्विकासाच्या कामांत तळघरातील पार्किंगसाठी खोल खोदाई होते आणि खड्ड्यात झिरपणारे पाणी मोटारी लावून महिनोन्महिने उपसले जाते. आमच्या गल्लीतील अशाच एका बांधकामावरून जाड पाइप थेट पावसाळी गटारात सोडलेला आहे. भर मे महिन्यात त्यातून नितळ पाणी वाहत असते आणि शेजारच्या सोसायटीत मात्र टँकर रिकामा होत असतो. हे पाहवत नाही.

केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा उपशाचे मोजमाप डिजिटल मीटरने करून त्याची माहिती केंद्रीय भूजल प्राधिकरणाला द्यावी लागते. ही अट योग्यच आहे. परंतु परवाना घेतला आहे की नाही, हे शेजाऱ्यांना जागेवर कळण्याची सोय दिसत नाही. पुण्याखालच्या बेसॉल्ट खडकात पाणी मुख्यतः झिजलेल्या थरात आणि भेगांमध्येच साठते, त्यामुळे खोदाईत एखादी भेग उघडी पडली, की आसपासच्या विहिरी व बोअरवेलचे पाणी तिकडे ओढले जाऊ शकते.

म्हणूनच परवान्याचा क्रमांक, मुदत आणि मीटरची दर आठवड्याची नोंद बांधकामाच्या फलकावर लावणे महापालिकेने बंधनकारक करावे, आणि उपसलेले पाणी त्याच कामावर किंवा परिसरातील उद्यानांसाठी वापरण्याची अट बांधकाम परवानगीतच घालावी.

– एक नागरिक, कोथरूड, पुणे